वॉटरफॉलवर रेघा भरपूर, डिकोड मात्र नाही : रावेरहून एफटी८

केळीपट्टा (रावेर)

राम राम मंडळी. हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) सकाळच्या आवाजी गप्पा माझ्याकडून व्यवस्थित होतात. इंदूर, पुणे, हैदराबाद, हवा चांगली असली तर त्याच्याही पुढे. आता एफटी८, म्हणजे संगणकाच्या सुरांतून छोटे ठरलेले संदेश पाठवायची डिजिटल पद्धत, सुरू करायचं मनावर घेतलंय आणि तिथे गाडी अडली आहे.

मांडणी सांगतो. मळ्यातल्या घराच्या गच्चीवर ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीच्या आकाराची तारेची अँटेना) आहे, मधला भाग जमिनीपासून ३० फुटांच्या आसपास. रेडिओ जुन्या पिढीतला, त्याला यूएसबी नाही. मागच्या डेटा सॉकेटला इंटरफेस जोडलाय: ऑडिओ येण्या-जाण्यासाठी ६०० ओहमचे दोन ट्रान्सफॉर्मर, पीटीटीसाठी (प्रक्षेपण चालू-बंद करायला) ऑप्टोकपलर. कॅटसाठी, म्हणजे लॅपटॉपवरून रेडिओ चालवायला, वेगळी यूएसबी-सीरियल केबल. लॅपटॉपवर विंडोज आणि एफटी८चं सॉफ्टवेअर डब्ल्यूएसजेटी-एक्स. मळ्यात ब्रॉडबँड नाही, लागलंच तर मोबाइलचं हॉटस्पॉट.

अडचणी दोन. पहिली, संध्याकाळी ७.०७४ मेगाहर्ट्झवर वॉटरफॉल, म्हणजे येणारे सूर दाखवणारा सरकता पट, पिवळ्या रेघांनी भरलेला असतो. कानालाही ते सूर स्वच्छ ऐकू येतात, पातळीचा काटा ३० डीबीच्या आसपास हिरवा असतो. पण डाव्या खिडकीत, जिथे डिकोड झालेले (उलगडलेले) संदेश दिसतात, काही उमटत नाही. बऱ्याच वेळाने एखादी ओळ आली तर आली.

दुसरी, २० वॉटच्या वर प्रक्षेपण केलं की कॅट तुटतं आणि लॅपटॉपचा कर्सर आपोआप पळायला लागतो. मध्ये तर पीटीटी अडकून रेडिओ प्रक्षेपणातच राहिला, वीज काढून बंद करावा लागला. पॉवर ५ वॉटवर आणली की सगळं शांत.

कुठून सुरुवात करू?

लळिंगवाला (धुळे)

भाऊ, या दोन अडचणींचा एकमेकींशी संबंध नाही, एकत्र सोडवायला जाऊ नका. आधी ऐकणं दुरुस्त करू. तोवर प्रक्षेपणाला हात लावू नका, किंवा डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) करा.

तुमच्या वर्णनातूनच बरंच काही कळतंय. वॉटरफॉलवर रेघा आहेत म्हणजे अँटेना, रेडिओ, इंटरफेस, साउंड कार्ड, सगळी साखळी चालू आहे. डिकोड नाही म्हणजे शेवटच्या टप्प्यात काहीतरी जुळत नाही. तिथे शक्यता मोजक्याच असतात.

साइडबँड, म्हणजे वाहक लहरीची खालची (लोअर) की वरची (अपर) बाजू, कोणता आहे ते आधी सांगा. ४० मीटरवर आवाजासाठी आपण लोअर वापरतो, पण एफटी८ सगळ्या बँडवर अपरवरच चालतं. जुन्या काही रेडिओंवर डेटा किंवा पॅकेट मोड मुळातच लोअर साइडबँडवर बसवलेला असतो, मेनूत जाऊन तो बदलावा लागतो. लोअरवर रेघा तशाच दिसतात, पण सुरांचा क्रम उलटा होतो आणि डिकोडरला काहीच ओळखू येत नाही.

दुसरं, ती जी एखादी ओळ येते, तिच्यातला डीटी, म्हणजे वेळेतला फरक सांगणारा आकडा, किती आहे? डीबीच्या शेजारचाच रकाना.

तिसरं, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या उपकरणावर आवाज 'सुधारणाऱ्या' सोयी चालू आहेत का? त्या सगळ्या बंद करा आणि नमुना दर ४८००० हर्ट्झ ठेवा. गोंगाट दाबणारी सोय माणसाच्या आवाजासाठी बनवलेली असते. सतत वाजणारा सूर तिला गोंगाटच वाटतो, ती तो पुसून टाकते.

केळीपट्टा (रावेर)

दादा, साइडबँड अपरच आहे, आत्ता पुन्हा पाहिलं. साउंडच्या सोयी चालू होत्या, बंद केल्या. थोडा फरक पडला, ओळी जरा जास्त येतात. आलेल्या ओळींमधला डीटी असा दिसतो: १.९, २.१, २.०, २.२.

तापीकन्या (जळगाव)

मग दुखणं सापडलं. तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ दोन-अडीच सेकंद पुढे आहे.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि मुलांना हे नेहमी फळ्यावर मांडून दाखवते, म्हणून इथेही जरा विस्ताराने लिहिते. एफटी८ जुलै २०१७ मध्ये आलं. नावातली एफ आणि टी ही स्टीव्ह फ्रँकी आणि जो टेलर यांची आद्याक्षरं, आणि ८ म्हणजे आठ सूर. हे सूर एकमेकांपासून ६.२५ हर्ट्झवर असतात, म्हणून सगळा सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झमध्ये मावतो. एका संदेशात ७९ चिन्हं, प्रत्येक चिन्ह ०.१६ सेकंदाचं, म्हणजे एकूण १२.६४ सेकंद. मिनिटाचे १५-१५ सेकंदांचे चार खण केलेले असतात आणि जगातलं प्रत्येक स्टेशन खण सुरू झाला की बोलायला लागतं. उरलेल्या दोन-अडीच सेकंदांत संगणक डिकोड करतो आणि माणूस पुढचं ठरवतो.

त्या ७९ चिन्हांतली २१ चिन्हं माहितीची नसतातच. सुरुवातीला, मधे आणि शेवटी सात-सात चिन्हांचा एक ठरलेला साचा असतो. डिकोडर आधी तो साचा शोधतो आणि त्यावरून सिग्नल नेमका कुठे सुरू झाला ते ठरवतो. हा शोध तो ठराविक मर्यादेतच घेतो. घड्याळ दोन-अडीच सेकंद हललं की बहुतेक स्टेशनं त्या मर्यादेबाहेर जातात. ज्यांची स्वतःची घड्याळं थोडी पुढे आहेत, तेवढीच कशीबशी आत येतात. तुम्हाला दिसणाऱ्या त्या विरळ ओळी त्यांच्याच.

डीटी सगळ्यांचाच अधिक दिसतोय याचा अर्थ सगळं जग उशिरा बोलतंय असा नाही, आपलं घड्याळ पुढे आहे असा. सगळ्यांचाच उणे दिसला असता तर आपलं घड्याळ मागे. आणि चार स्टेशनांचा डीटी शून्याजवळ असताना एखाद्याचाच १.५ दिसला, तर दोष त्याच्याकडे. हा रकाना बघायची सवय लावून घ्या, फुकटात मिळणारं इतकं चांगलं मापयंत्र दुसरं नाही.

भारतीय वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे, त्यातल्या अर्ध्या तासाने गोंधळ होतो का, असं मुलं विचारतात. होत नाही. ३० मिनिटांत १५ सेकंदांचे खण पूर्ण बसतात. खण जुळायला फक्त सेकंद बरोबर लागतात.

केळीपट्टा (रावेर)

ताई, हॉटस्पॉट जोडून नेटवरची भारतीय वेळ बघितली, घड्याळ हातानेच सेकंदावर जुळवलं आणि पुढच्याच खणात खिडकी भरली! इंडोनेशिया, जपान, रशिया, इटली, सगळे एका पानावर. डीटी ०.१, ०.२ दिसतोय. खूप खूप आभार.

पण लॅपटॉप मळ्यात असतो, नेट नसतं. घड्याळ पुन्हा सरकणार ना?

लळिंगवाला (धुळे)

सरकणारच. लॅपटॉपचं घड्याळ साध्या क्रिस्टलवर चालतं आणि आपल्याकडच्या उन्हात तापमान बदललं की त्याचा वेगही थोडा बदलतो. विंडोज आपणहून वेळ जुळवतं, पण सावकाशीने, आणि तेही नेट असेल तरच. नेट मिळेल तेव्हा वारंवार जुळवणारी एखादी एनटीपी सेवा (नेटवरून वेळ घेणारी) बसवा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, म्हणजे एनपीएलचा वेळ-सर्व्हर त्यात घालता येतो. भारतीय प्रमाणवेळ तिथूनच निघते.

नेटच नसेल तिथे यूएसबीची जीपीएस डोंगल. खिडकीत ठेवली की उपग्रहावरून वेळ येते. तिच्यातून येणारा मजकूर थोडा उशिरा पोहोचतो, सेकंदाचा काही भाग, तेवढं एफटी८ला चालतं. डीटी बघून तो फरक सॉफ्टवेअरमध्ये वजा करता येतो.

आणि हे काहीच हाताशी नसेल, तर डीटीचाच उपयोग करा. चांगल्या दहा-बारा स्टेशनांचा सरासरी डीटी पाहा आणि घड्याळ तेवढं मागे-पुढे करा. डोंगरावर बसलेले बरेच जण असंच करतात.

जंक्शनकर (भुसावळ)

भाऊ, मी तुमच्यापासून लांब नाही, तुमच्याकडे काय ऐकू येत असेल याचा मला अंदाज आहे. रात्री आणि दिवसा डिकोडच्या संख्येत फरक पडतो का?

केळीपट्टा (रावेर)

पडतो, काका. विचारणारच होतो. रात्री खिडकी भरलेली असते. सकाळी नऊनंतर वॉटरफॉलची पार्श्वभूमीच निळ्याची पिवळी होते, गोंगाटाचा काटा एस-७ वर जाऊन बसतो. दुपारी चार-साडेचारनंतर आपोआप कमी होतो. ढग आले की जरा बरं वाटतं.

जंक्शनकर (भुसावळ)

'ढग आले की बरं वाटतं' यातच उत्तर आहे. आसपास सौर पंप बसलाय. तुमचा तरी, नाहीतर शेजाऱ्याचा.

सूर्याबरोबर येणारा आणि ढगाबरोबर उतरणारा गोंगाट पंपाच्या कंट्रोलरमधून येतो. पॅनेलचा डीसी घेऊन मोटरसाठी तीन फेजचा एसी बनवायला तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्या चालू-बंदची पिल्लं एचएफभर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) पसरतात आणि पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत गेलेल्या लांब तारा आयत्या अँटेना होतात.

पण आधी खात्री करा, उगाच शेजाऱ्यावर आळ नको. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, घराची मेन वीज पूर्ण बंद करा, लॅपटॉपही स्वतःच्या बॅटरीवर. गोंगाट गेला तर तो घरातलाच आहे: एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर, सीसीटीव्हीचा सप्लाय. मग एकेक एमसीबी वर करत जा. गोंगाट तसाच राहिला तर तो बाहेरचा. बॅटरीवरचा छोटा मीडियम वेव्ह रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि बांधाबांधाने फिरा. आवाज कुठे वाढतो ते पाय आपोआप सांगतात.

वॉटरफॉलवरही ओळख पटते. सारख्या अंतरावर उभ्या धूसर पट्ट्या, हळूहळू सरकणाऱ्या, म्हणजे स्विचिंग सप्लाय किंवा कंट्रोलर. पूर्ण रुंदीवर आडवी फटकारलेली रेघ म्हणजे ठिणगी: पंपाच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, सैल जंपर, तडा गेलेला इन्सुलेटर. शेतीच्या फीडरला थ्रीफेज आली की गावभरचे ऑटो-स्टार्टर एकदम ओढतात, त्या क्षणी एखादा खण वाया जातो, पण तेवढंच. उन्हाळ्यातली वळवाची वीजही अशीच आडवी दिसते. तिला इलाज नाही.

माझी हयात रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, २५ केव्हीच्या तारांखाली. हस्तक्षेप शोधायची तिथली पद्धत मी इथेही वापरतो: एका वेळी एकच गोष्ट बंद करायची, आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की हाती काही लागत नाही.

केळीपट्टा (रावेर)

काका, खरं निघालं. मेन बंद करूनही गोंगाट तसाच, आणि छोटा रेडिओ घेऊन गेलो तर शेजारच्या काकांच्या पॅनेलपाशी कर्कश. अँटेनाचं एक टोक त्यांच्या पॅनेलच्या दिशेनेच जात होतं. शेजारी माणूस भला, म्हणाले काय करायचं ते कर, फक्त पंप बंद पडू देऊ नको.

जंक्शनकर (भुसावळ)

पंपाच्या आत हात घालायचा नाही. वॉरंटीचा प्रश्न आहे, आणि पॅनेलच्या डीसी तारांवर दिवसा जीवघेणा दाब असतो. बाहेरून होईल तेवढंच करायचं, तेही पंप बसवणाऱ्या माणसाला सोबत घेऊन, संध्याकाळी पॅनेल झाकून आणि डीसीचा स्विच पाडून. अधिक आणि उणे तारा एकमेकींपासून लांब गेल्या असतील तर त्या जवळ आणून बांधायच्या, म्हणजे मोठा फास उरत नाही. कंट्रोलरजवळ दोन्ही तारांवर एकत्र मोठ्या क्लिपचे फेराइट (तारेवरचा गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी). मोटरच्या केबलवर तीनही फेज मिळून एक.

आणि अँटेना फिरवा. तारेची टोकं पॅनेलच्या दिशेला असू नयेत आणि ती शक्य तितकी दूर न्या. बहुतेक वेळा गोंगाटावर याचाच परिणाम सगळ्यात जास्त होतो, आणि खर्च फक्त दोरीचा.

लळिंगवाला (धुळे)

आता दुसऱ्या अडचणीकडे. २० वॉटवर यूएसबी मरतं, ५ वर नाही, म्हणजे आरएफ (प्रक्षेपणाची रेडिओ-ऊर्जा) केबलच्या बाहेरून उलट घरात येतंय. खात्री करायला एक चाचणी: अँटेनाच्या जागी डमी लोड लावा आणि ३०-४० वॉट द्या. सगळं शांत राहिलं तर इंटरफेस, ड्रायव्हर, लॅपटॉप यांना दोष देणं थांबवा. गुन्हेगार गच्चीवर आहे.

डायपोलला (तुमच्यासारख्या दोन हातांच्या तारेच्या अँटेनाला) कोॲक्स, म्हणजे बाहेरून जाळी असलेली अँटेनाची केबल, थेट जोडली की कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू अँटेनाचा तिसरा हात बनते. तो हात तुमच्या टेबलापर्यंत येतो. उपाय म्हणजे फीड पॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते तिथे) चोक, म्हणजे हा प्रवाह अडवणारं वेटोळं. ३१ नंबरच्या मटेरियलचा २.४ इंची टोरॉइड (फेराइटचं कडं) घ्या आणि त्यावर पातळ कोॲक्सचे दहा-बारा वेढे द्या. ३१ मटेरियल एचएफच्या खालच्या बँडवर छान चालतं. बाजारात मिळणारे निनावी फेराइट बऱ्याचदा वरच्या फ्रीक्वेन्सीसाठी असतात, ४० मीटरवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. टोरॉइड मिळेपर्यंत कोॲक्स घरात शिरते तिथे असतील तेवढे क्लिप फेराइट लावा.

अजून एक. ऑडिओला ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीला ऑप्टो लावून तुम्ही लॅपटॉप आणि रेडिओ विद्युतदृष्ट्या वेगळे केलेत, पण कॅटची केबल दोघांची ग्राउंड पुन्हा जोडून टाकते. त्या केबलवर फेराइटचे वेढे द्या आणि तिची लांबी कमी करा. पाच मीटरची यूएसबी केबल टेबलावर गुंडाळून ठेवलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहतो, ती नको.

आणि डब्ल्यूएसजेटी-एक्समधला वॉचडॉग चालू ठेवा. ठरलेली मिनिटं झाली की प्रक्षेपण आपोआप थांबतं. लॅपटॉपच गोठला तर मात्र तोही थांबवणार नाही, म्हणून रेडिओतलाही टाइम-आउट लावा.

पुणेरी_डॅश (पुणे)

खान्देशी मंडळींचं मनापासून कौतुक, धागा फार उपयोगी आहे. पण एक मनातलं विचारतो. मी आयुष्यभर मोर्स केलं. एफटी८मध्ये संगणक संगणकाशी बोलतो, कॉलसाइन, ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचं नाव), रिपोर्ट, ७३ (निरोपाच्या शुभेच्छा), संपलं. समोरच्या माणसाचं नाव कळत नाही, गाव कळत नाही. यात माणूस कुठे आहे?

तापीकन्या (जळगाव)

दादा, तुमचं म्हणणं मला पटतं तेवढंच लिहिते आधी. एफटी८वर गप्पा होत नाहीत, ते त्यासाठी बनवलेलंच नाही. एका संदेशात ७७ बिट मावतात, बस. त्यांना १४ बिट तपासणीचे आणि ८३ बिट चूक सुधारण्याचे जोडून १७४ होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा फक्त संदेश धडपणे पोहोचावा म्हणून खर्च केलेली. त्याचं फळ असं की २५०० हर्ट्झमधल्या गोंगाटापेक्षा २० डीबी खाली असलेला सिग्नलही वाचता येतो. तो कानाला ऐकूच येत नाही.

माणूस कुठे आहे, तर माझ्या वर्गात आहे. जो टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, रसेल हल्स यांच्याबरोबर, १९७४ मध्ये शोधलेल्या जोड-पल्सारसाठी (पल्सार म्हणजे रेडिओचे नियमित ठोके देणारा मृत तारा). गोंगाटात गाडलेला सिग्नल बाहेर काढणं हेच त्यांचं काम होतं. आपल्याकडे नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरही पल्सारचा अभ्यास चालतो. हे मी मुलांना सांगते आणि मग डब्ल्यूएसपीआरचा बीकन (आपोआप छोटा संदेश पाठवत राहणारं प्रक्षेपण) चालू करते: २०० मिलिवॉट, दोन मिनिटांचा खण, सिग्नलची रुंदी फक्त सहा हर्ट्झ. थोड्या वेळाने नकाशावर ठिपका उमटतो की कुणीतरी दूरदेशी आपल्याला ऐकलं. टॉर्चच्या बल्बपेक्षाही कमी शक्ती. नववीतली मुलगी विचारते, 'मॅडम, रात्री हाच ठिपका का उमटत नाही?' आणि तिथून आयनोस्फिअरचा (रेडिओ लहरी परतवणाऱ्या वरच्या वातावरणाचा) धडा सुरू होतो. मोर्सही मी त्याच मुलांना शिकवते, आणि ती आवडीने शिकतात.

पुणेरी_डॅश (पुणे)

ताई, हे असं मी कधी पाहिलं नव्हतं. मुलांना मोर्सचा सराव द्यायला आठवड्यातून एक सकाळ मी ४० मीटरवर बसेन. फ्रीक्वेन्सी तुम्ही ठरवा.

अक्राणी (धडगाव)

माझा प्रश्न वेगळा. आमच्याकडे सातपुड्यात पावसाळ्यात रस्ता तुटतो, वीज जाते, मोबाइलचा टॉवर बॅकअप संपेपर्यंतच. तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यांत तर एरवीही नेटवर्क लागेलच असं नाही. डिजिटलमधून शब्दांचा निरोप पाठवता येईल का? जळगाव-धुळ्यापर्यंत पोहोचला तरी पुरे.

लळिंगवाला (धुळे)

राम राम भाऊ. हा प्रश्न सगळ्यात मोलाचा शे.

त्यासाठी जेएस८कॉल बघा. एफटी८च्याच पायावर उभं आहे, पण त्यात मोकळा मजकूर टाइप करता येतो. नेहमीच्या वेगाला १५ सेकंदांचा खण, मिनिटाला साधारण १६ शब्द. सिग्नल फारच दुबळा असेल तर ३० सेकंदांचा संथ वेग, चांगला असेल तर १० आणि ६ सेकंदांचे वेग. दोन स्टेशनं एकमेकांना ऐकत नसतील तर मधलं तिसरं स्टेशन निरोप पुढे ढकलतं. आणि ज्याला निरोप द्यायचा तो जागेवर नसेल तर त्याच्यासाठी ठेवूनही देता येतो. ४० मीटरवर ७.०७८, ८० मीटरवर ३.५७८ मेगाहर्ट्झ.

मजकूर रोमन लिपीत लिहावा लागतो, देवनागरी त्यात जात नाही. फ्लडिजी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची संकेतपद्धत) चालतं, पण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे वेळही तिप्पट. आणीबाणीत रोमन मराठीच बरी.

अँटेनाबद्दल मात्र उलटा विचार करा. धडगाव ते जळगाव सरळ रेषेत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, मधे डोंगर. व्हीएचएफ (सरळ रेषेत जाणारी वरची फ्रीक्वेन्सी) तिथे अडतं. डीएक्सची (लांबच्या संपर्कांची) उंच अँटेनाही कामाची नाही, ती जळगावच्या डोक्यावरून जाते. ४० मीटरचा डायपोल १५ ते २५ फुटांवर आडवा बांधा. लहर सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून छत्रीसारखी खाली पसरते, डोंगर मधे येतच नाही. दिवसा ४० मीटर. सूर्य मावळला आणि वरचा थर पातळ झाला की ४० मीटरवर जवळची स्टेशनं गायब होतात, तेव्हा ८० मीटर.

प्रत्येकाने आपल्या परवान्याच्या श्रेणीत कोणता बँड, किती पॉवर आणि कोणतं उत्सर्जन चालतं ते आधी बघून घ्यावं. गुप्त सांकेतिक भाषा हॅममध्ये चालत नाही. डिजिटल मोडची रचना सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून तिला अडचण नाही.

जंक्शनकर (भुसावळ)

अक्राणी भाऊ, २००४ च्या त्सुनामीवेळी हॅम मंडळींची एक मोहीम पोर्ट ब्लेअरमध्येच होती आणि बाकी सगळं कोलमडल्यावर निरोप त्यांच्या रेडिओवरून बाहेर गेले. पण ती माणसं आधीपासून रोज रेडिओवर बसत होती, म्हणून ते जमलं. पावसाळ्याची वाट बघू नका. तुम्ही, मी, धुळ्याचे दादा आणि ताई, रविवारी सकाळी ७.०७८ वर बसू. बॅटरी आणि छोटं सोलर पॅनेल एवढ्यावरच चालवून बघा, चार्ज कंट्रोलर गोंगाट करतो का तेही कळेल.

अक्राणी (धडगाव)

बसतो काका. माझ्याकडे जीपीएस डोंगल आहे, वेळेचा प्रश्न नाही.

केळीपट्टा (रावेर)

टोरॉइड आला, गच्चीवर फीड पॉइंटला चोक लावला, तारेची दिशा बदलली. ३० वॉटवर कॅट एकदाही तुटलं नाही. दिवसाचा गोंगाट एस-७ वरून एस-४ वर आला. काल रात्री पहिले एफटी८ संपर्क झाले आणि पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर मला युरोपातल्या कितीतरी स्टेशनांनी ऐकल्याचं दिसलं!

जंक्शनकर (भुसावळ)

अभिनंदन! मी पण ऐकलं तुम्हाला, पण दोन ठिकाणी. वॉटरफॉलवर ८०० हर्ट्झला आणि १६०० ला, दोन्हीकडे तुमचंच कॉलसाइन डिकोड झालं. मी जवळ आहे म्हणून मला ठळक दिसलं, दूरच्यांना कदाचित दिसणार नाही. एएलसीचा (ऑडिओ जास्त झाला की पॉवर आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा कुठे असतो?

केळीपट्टा (रावेर)

अर्ध्यापर्यंत जातो, काका. आवाजी प्रक्षेपणात तेवढा ठेवतो.

तापीकन्या (जळगाव)

आवाजाला चालतं, इथे नाही. ऑडिओ जास्त झाला की सूर वाकडा होतो आणि त्याची दुप्पट, तिप्पट फ्रीक्वेन्सी तयार होते. ८०० चं १६०० आणि २४००. ते सगळं रेडिओच्या फिल्टरमधून सुखरूप बाहेर पडतं आणि दुसऱ्याची जागा खातं. लॅपटॉपचा आवाज इतका कमी करा की एएलसी जेमतेम हलेल किंवा हलणारच नाही. पॉवर रेडिओवरून ठरवा. विंडोजचे टिंग-टिंग आवाजही त्या साउंड कार्डावर जाऊ देऊ नका.

शिवाय सेटिंगमध्ये स्प्लिटसाठी (ऐकण्याची आणि प्रक्षेपणाची फ्रीक्वेन्सी वेगळी ठेवायला) 'फेक इट' निवडा. मग सॉफ्टवेअर प्रक्षेपणाच्या वेळी व्हीएफओ (रेडिओची मुख्य फ्रीक्वेन्सी) थोडा सरकवतं आणि ऑडिओ सूर कायम १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवतं. त्यांची दुप्पट ३००० च्या पुढे जाते, फिल्टर ती कापून टाकतो.

लळिंगवाला (धुळे)

पॉवर ३० वॉटच राहू द्या. बोलताना रेडिओला मधे मधे विसावा मिळतो, एफटी८मध्ये १२.६४ सेकंद पूर्ण शक्तीने सलग. मे महिन्यात पत्र्याखाली ४५ अंशांत १०० वॉटचा रेडिओ पूर्ण ताकदीने चालवणं म्हणजे फायनल ट्रान्झिस्टरची परीक्षा. रेडिओच्या मागे छोटा पंखा लावा, आणि पंख्याचा सप्लाय स्विचिंगवाला घेऊ नका.

केळीपट्टा (रावेर)

ऑडिओ कमी केला, भुसावळच्या काकांनी तपासून सांगितलं, आता एकच रेघ. अजून दोन शंका. एक, ग्रिड मी जळगावचं एमएल७१ टाकलंय, बरोबर ना? दोन, लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर (दोन्हीकडच्या नोंदी जुळवून संपर्क पक्का करणारी सेवा) लॉग चढवला, समोरच्यांनीही चढवलाय, पण एकही जुळत नाही.

तापीकन्या (जळगाव)

ग्रिड बदला. ७६ अंश रेखांश सावदा आणि रावेरच्या मधून जातो, त्यामुळे रावेर आणि मुक्ताईनगर एमएल८१ मध्ये येतात, सावदा-फैजपूर-भुसावळ एमएल७१ मध्ये. धुळं, चाळीसगाव, पाचोरा एमएल७०. अमळनेर, चोपडा, शहादा, नंदुरबार पुन्हा एमएल७१. खुद्द जळगाव तर २१ अंश अक्षांशाच्या रेषेवरच आहे: शहराचा उत्तर भाग ७१, दक्षिणेकडचा ७०. आपापलं घर नकाशावर बघूनच ठरवावं. आमच्या भागात ग्रिड गोळा करणाऱ्यांना याचं फार महत्त्व असतं.

लॉगचं: विंडोजमध्ये टाइम झोन कोणता आहे? घड्याळात वेळ भारतीय आणि झोन लंडनचा किंवा यूटीसीचा असेल, तर सेकंद बरोबर असल्यामुळे डिकोड व्यवस्थित होतात, पण लॉगमध्ये सगळे संपर्क साडेपाच तास पुढचे नोंदले जातात. लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर दोघांच्या वेळेत ३० मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर संपर्क जुळत नाही.

केळीपट्टा (रावेर)

झोन यूटीसीच होता, ताई. लॅपटॉप जुना घेतलेला, आधीच्या मालकाची सेटिंग. झोन कोलकाता केला, वेळ पुन्हा जुळवली, लॉगच्या एडीआयएफ फाइलमधल्या सगळ्या नोंदींतून साडेपाच तास वजा केले. पहाटेच्या नोंदींची तारीखही एक दिवस मागे गेली, तीही सुधारली. ग्रिड एमएल८१ करून फाइल पुन्हा चढवली. पहिला जुळलेला संपर्क इंडोनेशियाचा, दुसरा इटलीचा.

रविवारी ७.०७८ वर मीही आहे.